वर्गात आले, पण शिकण्यात गुंतले का?

या वर्षात एखादी असाइनमेंट जमा करण्याआधी तुम्ही तिचे किमान दोन खर्डे केलेत का? नेमून दिलेलं वाचन न करताच वर्गात जाऊन बसलात, असं किती वेळा झालं? एखादा धडा सोबतच्या विद्यार्थ्याला समजावून सांगितलात का? तास संपल्यावर, वर्गाबाहेर, प्राध्यापकांशी विषयातल्या एखाद्या कल्पनेबद्दल बोललात का? उत्तरं चारच: खूप वेळा, बरेचदा, कधी कधी, कधीच नाही.

अमेरिकेतल्या ‘नॅशनल सर्व्हे ऑफ स्टुडंट एंगेजमेंट’ या पाहणीत पदवीच्या विद्यार्थ्यांना साधारण असे प्रश्न विचारले जातात. पाहणीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे ‘नेसी’ म्हणतात. इंडियाना विद्यापीठाच्या ब्लूमिंग्टन इथल्या केंद्रातून ती चालते. प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्सच्या पैशातून, जॉर्ज कुह यांच्या नेतृत्वाखाली 2000 साली ती रीतसर सुरू झाली आणि आजवर 1,600 हून अधिक महाविद्यालयं-विद्यापीठांनी तिच्यात कधी ना कधी भाग घेतला आहे. प्रश्न विचारले जातात ते पहिल्या वर्षाच्या आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना. एक गट नुकताच उंबरठा ओलांडून आत आलेला असतो, दुसरा बाहेर पडायच्या बेतात असतो.

या प्रश्नांत ‘तुम्हाला कॉलेज आवडलं का’ असा प्रश्न अगदी शेवटी, जाता जाता येतो. बाकी सगळा भर विद्यार्थ्याने केलं काय आणि संस्थेने त्याच्याकडून करवून घेतलं काय, यावर आहे. या भराला मोठा इतिहास आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले रॉबर्ट पेस 1970 च्या दशकातच सांगत होते की पदवीचं फळ विद्यार्थ्याने घेतलेल्या मेहनतीच्या दर्जावर ठरतं, म्हणून ती मेहनत मोजा. तिथलेच अलेक्झांडर ॲस्टिन यांनी 1984 साली मांडलं की विद्यार्थी अभ्यासात आणि कॅम्पसच्या जगण्यात जितकी शारीरिक आणि मानसिक शक्ती ओततो, तितकं तो शिकतो. कुह यांनी यात दुसरी बाजू जोडली, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची भर हीच आहे. विद्यार्थी किती वेळ आणि कष्ट घालतो, हा सहभागाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा संस्थेचा: तिने आपली माणसं, वेळापत्रक आणि पैसा अशा रीतीने लावला आहे का, की विद्यार्थ्याला ते कष्ट घ्यावेसे वाटतील, किंबहुना घ्यावेच लागतील?

‘आजकालची मुलं गुंततच नाहीत’ हे वाक्य स्टाफरूममध्ये रोज ऐकू येतं. कुह यांची व्याख्या मान्य केली, तर त्या वाक्यानंतर लगेच पुढचा प्रश्न येतो: आपण त्यांना गुंतायला नेमकं काय दिलं?

आपल्याकडे काय मोजलं जातं ते पाहू. पहिली मोजणी हजेरीची. 75 टक्के भरली तर टर्म ग्रँट होते, नाही तर डिफॉल्टर यादीत नाव लागतं. हजेरीने विद्यार्थी खोलीत होता एवढं कळतं, आणि प्रॉक्सी लागली असेल तर तेवढंही कळत नाही. दुसरी मोजणी समाधानाची. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेने 2017 च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणलं: पाच पर्यायांचे 20 प्रश्न आणि एक मोकळा प्रश्न. अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला, शिक्षक तयारी करून येतात का, अंतर्गत मूल्यमापन न्याय्य होतं का, इंटर्नशिप आणि क्षेत्रभेटींसाठी संस्था पुढाकार घेते का, असं त्यात विचारलं जातं. विद्यार्थ्याचा आवाज मूल्यांकनात आला, हे मोठंच पाऊल होतं. पण यातले बहुतेक प्रश्न शिक्षक आणि संस्था कशा आहेत याबद्दलचे आहेत. विद्यार्थ्याने स्वतः किती पानं लिहिली, किती वेळा शंका विचारली, आठवड्यात किती तास अभ्यासाला बसला, हे त्यातून हाती लागत नाही. छान बोलणाऱ्या, नोट्स देणाऱ्या आणि काहीच करायला न लावणाऱ्या प्राध्यापकावर वर्ग पूर्ण समाधानी असू शकतो.

आता नेसीचं गणित. 2013 साली प्रश्नावली नव्याने बांधली गेली आणि प्रश्नांचे दहा निर्देशांक चार गटांत मांडले गेले: अभ्यासाचं आव्हान, सहाध्यायींसोबत शिकणं, शिक्षकांशी आलेला संबंध आणि कॅम्पसचं वातावरण. यातला एकच निर्देशांक उलगडून पाहू, ‘विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यातला संवाद’. त्यात चार प्रश्न आहेत. पुढच्या करिअरबद्दल शिक्षकांशी बोललात का. अभ्यासक्रमाबाहेरच्या कामात, म्हणजे एखाद्या समितीत किंवा विद्यार्थी मंडळात, त्यांच्यासोबत काम केलंत का. विषयातल्या कल्पनांवर वर्गाबाहेर चर्चा केलीत का. स्वतःच्या अभ्यासातल्या प्रगतीबद्दल बोललात का. ‘कधीच नाही’ला 0, ‘कधी कधी’ला 20, ‘बरेचदा’ला 40 आणि ‘खूप वेळा’ला 60 गुण. समजा, एका मुलीने अनुक्रमे कधी कधी, कधीच नाही, कधी कधी आणि बरेचदा अशी उत्तरं दिली. 20, 0, 20 आणि 40 मिळून 80. भागिले चार, म्हणजे तिचा गुणांक 20. सगळ्या विद्यार्थ्यांच्या अशा गुणांकांची सरासरी काढली की संस्थेचा आकडा मिळतो, आणि तो तिने निवडलेल्या तिच्यासारख्या संस्थांच्या आकड्याशेजारी ठेवला जातो. अमुक कॉलेज कितवं आलं, अशी यादी नेसी प्रसिद्ध करत नाही. श्रीमंती आणि नावलौकिक तोलणाऱ्या क्रमवाऱ्यांना पर्याय म्हणूनच ती जन्माला आली होती.

बहुतेक संस्था सरासरीपाशीच थांबतात. आपला आकडा 21, शेजारच्यांचा 22, ठीक चाललंय, फाईल बंद. पण नेसीच्याच माहितीतून वर्षानुवर्षं दिसत आलेली गोष्ट अशी की विद्यार्थ्यां-विद्यार्थ्यांमधल्या फरकाचा 90 टक्क्यांहून अधिक भाग एकाच संस्थेच्या आत असतो. दोन कॉलेजांमध्ये जेवढं अंतर आहे, त्याच्या कितीतरी पट अंतर एकाच कॉलेजच्या दोन बाकांमध्ये असतं. त्यामुळे सरासरी बाजूला ठेवून ती फोडायची. कोणत्या विभागात, कोणत्या वर्षात, कोणत्या विद्यार्थ्यांत ‘कधीच नाही’ची उत्तरं दाटली आहेत? घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी आहे का? विद्यार्थी वसतिगृहात राहतो की रोज ये-जा करतो? आठवड्यात किती तास नोकरी करतो? हे प्रश्न नेसीत असतात ते याचसाठी.

आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजला हे लावून पाहा. तिथे सकाळच्या तासांनंतर दुपारच्या एसटीने गावी परतणारी मुलं असतात, दुकानात किंवा शेतावर काम करणारी असतात. वक्तृत्व मंडळ, विज्ञान मंडळ, तज्ज्ञांची व्याख्यानं हे सगळं दुपारी तीननंतर ठेवलं, की ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे तीच मुलं एसटीत बसलेली असतात. वार्षिक अहवालात कार्यक्रम 40 दिसतात आणि फोटोंत तेच 30 चेहरे. कार्यक्रमांची संख्या मोजली तर हे कधीच कळणार नाही; एकेका विद्यार्थ्याकडून उत्तर घेतलं तरच कळेल.

अशा प्रश्नावलीचे दोष लपवण्यात अर्थ नाही. विद्यार्थी स्वतःबद्दल जे सांगतो तेच आपण धरून चालतो. आठवण दगा देते, चांगलं दिसावं असाही मोह असतो. ‘बरेचदा’ म्हणजे साहित्याच्या विद्यार्थ्याच्या मनात एक, तर इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याच्या मनात दुसरंच. स्टीफन पोर्टर यांनी 2011 साली याच मुद्द्यांवर अशा पाहण्यांची कठोर झडती घेतली. त्याआधी, 2006 साली, कॅरिनी, कुह आणि क्लाइन यांनी 14 संस्थांमधल्या 1,058 विद्यार्थ्यांचे सहभागाचे आकडे त्यांच्या विचारक्षमतेच्या चाचण्यांशी आणि गुणांशी ताडून पाहिले होते. नातं सापडलं, पण बहुतांशी क्षीण. मात्र त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी मला फार महत्त्वाची वाटते: प्रवेशावेळी मागे असलेल्या विद्यार्थ्यांना सहभागाचा फायदा पुढच्यांपेक्षा जास्त होत होता.

म्हणून प्रश्नावली एकटी वापरू नये. तिच्याजवळ ठोस पुरावे ठेवावेत: ग्रंथालयातून पुस्तकं कुणी नेली, ट्युटोरियल कुणी वेळेत दिलं, पहिल्या चाचणीला कोण बसलंच नाही. मूडल किंवा गूगल क्लासरूमवरच्या लॉगिनच्या आकड्यांवर मात्र भाळू नये. पीडीएफ उघडून बंद करणारा आणि ती दोन तास वाचणारा, दोघेही तिथे एकसारखेच नोंदले जातात. आणि प्रश्नावलीसोबत आठ-दहा जणांच्या गटाशी तासभर मोकळं बोलावं, शक्यतो त्यांना शिकवत नसलेल्या कुणीतरी. ‘कधीच नाही’मागचं कारण तिथेच बाहेर येतं: ‘सरांच्या केबिनमध्ये जायची भीती वाटते’, ‘मॅडमना इंग्रजीतून विचारावं लागेल असं वाटलं’.

मोजून झालं, आता सुधारायचं कसं? सुधारणा सक्तीच्या तासातच करावी. ऐच्छिक उपक्रमाला आधीच गुंतलेले विद्यार्थी येतात. तासाला सगळे येतात, निदान 75 टक्के तरी. तासात काय करता येतं, याचं एक उदाहरण पायरीपायरीने पाहू.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझुर 1990 च्या आसपास एका साध्या चाचणीमुळे हादरले. गुंतागुंतीची गणितं सोडवणाऱ्या त्यांच्या विद्यार्थ्यांना मूलभूत कल्पनांचे सोपे प्रश्न अडत होते. त्यातून त्यांनी ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ ही रीत घडवली. समजा, न्यूटनचा तिसरा नियम शिकवून झाला आहे. शिक्षक फळ्यावर प्रश्न लिहितात: भरलेला ट्रक आणि छोटी मोटार समोरासमोर धडकले. कुणी कुणावर जास्त बल लावलं? अ, ट्रकने, ब, मोटारीने, क, दोघांनी सारखंच, ड, ते वेगावर ठरेल. एक-दोन मिनिटं कुणाशीही न बोलता विचार करायचा आणि सगळ्यांनी एकाच वेळी उत्तर दाखवायचं. शिक्षक नजर फिरवून अंदाज घेतात. 70 टक्क्यांहून अधिक जण बरोबर असतील तर दोन वाक्यांत खुलासा करून पुढे जायचं. 30 टक्क्यांहून कमी असतील तर कल्पनाच पुन्हा शिकवायची. मधल्या पट्ट्यात असतील तर उत्तर न सांगता म्हणायचं: शेजारी वेगळं उत्तर दिलेला कुणी असेल, त्याला तुमचं म्हणणं पटवून द्या. दोन-तीन मिनिटं वर्गात कलकलाट होतो. ‘अरे, ट्रक मोठा आहे, तोच जास्त ढकलणार’, ‘मग मोटारीचा चेंदामेंदा कमी वस्तुमानामुळे होतो, बल सारखंच असतं’. मग पुन्हा मत घ्यायचं, आणि त्यानंतर शिक्षकाने स्पष्टीकरण द्यायचं. दुसऱ्या फेरीत बरोबर उत्तरं बहुधा चांगलीच वाढलेली असतात.

इथे अनुभवी शिक्षक रास्त शंका घेतात की हुशार मुलाचं उत्तर बाकीचे उचलत असतील. मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गात नेमकं हेच तपासलं. निष्कर्ष 2009 साली ‘सायन्स’मध्ये आले. चर्चेनंतर त्यांनी त्याच कल्पनेवरचा पण वेगळा दिसणारा दुसरा प्रश्न दिला, आणि तो प्रत्येकाने एकट्याने सोडवायचा होता. सुधारणा टिकली. ज्या गटात सुरुवातीला कुणालाच उत्तर येत नव्हतं, तिथेही चर्चेने समज वाढल्याची चिन्हं दिसली. दुसरी शंका खर्चाची. उत्तरं नोंदवायला महागडी क्लिकर यंत्रं लागत नाहीत. अ, ब, क, ड लिहिलेली पुठ्ठ्याची कार्डं चालतात. नॅथॅनियल लासरी यांनी 2008 साली दोन्हींची तुलना केली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या शिकण्यात फरक आढळला नाही. 120 जणांच्या तुकडीत बाकं हलवता येत नसली तरी मान मागे वळवता येते.

एका वर्गाची गोष्ट सगळीकडे लागू पडेल का? स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतले असे 225 अभ्यास एकत्र तोलले आणि 2014 साली निष्कर्ष मांडले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गात नापासाचं सरासरी प्रमाण 33.8 टक्के होतं, विद्यार्थ्यांना काही ना काही करायला लावणाऱ्या वर्गात 21.8 टक्के. बाराएक टक्क्यांचा हा फरक म्हणजे शंभराच्या वर्गात बारा मुलं. एटीकेटी आणि वर्ष वाया जाणं ज्यांनी घरात जवळून पाहिलं आहे, त्यांना या बारांचं मोल वेगळं सांगायला नको.

आता या सगळ्यातली सर्वांत नाजूक गोष्ट. हार्वर्डमध्येच लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या पायाभूत अभ्यासक्रमातल्या विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. धडा तोच, हँडआउट तेच. एका गटाला अनुभवी शिक्षकाचं ओघवतं व्याख्यान मिळालं, दुसऱ्या गटाने तीच उदाहरणं गटागटाने स्वतः सोडवली. पुढच्या धड्याला गटांची अदलाबदल झाली. 2019 साली प्रसिद्ध झालेला निकाल असा: स्वतः सोडवणाऱ्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण जास्त शिकलो असं व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटलं. ओघवतं ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. अडखळत सोडवताना आपल्याला काही येत नाही असं वाटतं. त्या अडखळण्यातच शिकणं होत असतं, हे विद्यार्थ्याला आतून कळत नाही.

समाधानाच्या गुणांवरच शिक्षकाचं मूल्यमापन बेतलं, तर चांगला बदल करणाऱ्या शिक्षकालाच पहिल्या सत्रात फटका बसतो. उपाय त्याच अभ्यासात आहे: सत्राच्या सुरुवातीला हे सगळं विद्यार्थ्यांना उघडपणे सांगावं, लवकर एक छोटी चाचणी घेऊन त्यांचं त्यांनाच पाहू द्यावं. आणि प्राचार्यांनी पहिल्या सत्राच्या फीडबॅकवरून शिक्षकाला धारेवर धरू नये. विभागात हा एवढा भरवसा नसेल तर पुठ्ठ्याची कार्डं पंधरा दिवसांत कपाटात जातात.

वर्गाबाहेरच्या बाजूसाठी कुह यांनी 2008 साली खोल परिणाम करणाऱ्या काही अनुभवांची मांडणी केली. नेसी त्यांतले सहा विचारते: एकत्र विषय घेणारे विद्यार्थी गट, अभ्यासाला जोडलेली समाजसेवा, शिक्षकांसोबत संशोधन, इंटर्नशिप, परदेशी शिक्षण आणि शेवटच्या वर्षाचा समारोप प्रकल्प. प्रत्येकाला यातले किमान दोन मिळावेत आणि त्यातला एक पहिल्याच वर्षी, अशी तिची शिफारस आहे. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवीत ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाचे श्रेयांक आता सक्तीचे झाले आहेत. म्हणजे चौकट आपल्या हातात आली आहे. पण हे अनुभव फळतात ते त्यांत वेळ जातो, शिक्षक पुन्हा पुन्हा भेटतो, चूक दाखवतो आणि काम दुसऱ्यांदा करायला लावतो म्हणून. ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणलेल्या प्रमाणपत्राने श्रेयांक मिळतात; ते आणणाऱ्या मुलीला नेसीतल्या शिक्षक-संवादाच्या त्या चार प्रश्नांची उत्तरं मात्र तरीही ‘कधीच नाही’ अशीच द्यावी लागतात. एका मार्गदर्शकाकडे 60 प्रकल्प दिले तर दुसरं काही होणंही कठीण आहे.

किती मार्गदर्शक लागतात, याचा धडा अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात मिळतो. तिथे 2003 साली पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण 32 टक्के होतं. पुढच्या दशकभरात ते निम्म्याच्या वर गेलं. 2012 पासून तिथे संगणक शेकडो खुणांवर रोज नजर ठेवतो. मुख्य विषयाच्या पहिल्या पेपरात मिळालेला ‘सी’ पास असला, तरी तिथे ती धोक्याची खूण धरली जाते. बातम्या बहुतेक त्या संगणकाच्याच झाल्या. मात्र खूण दिसल्यावर फोन करून विद्यार्थ्याला बोलावणारी माणसं विद्यापीठाने मोठ्या संख्येने नेमली, आणि थोड्याशा फीअभावी नाव कमी होणाऱ्यांसाठी छोटी अनुदानं सुरू केली. यादी काढणं स्वस्त असतं. यादीतल्या प्रत्येकाशी बोलणं महाग असतं, आणि परिणाम त्या बोलण्याचा असतो.

आपल्याकडच्या एखाद्या विभागाला हे सुरू करायचं, तर विद्यापीठाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. दहा-बारा प्रश्न मराठीत लिहावेत, ‘केलंत का, किती वेळा’ याच वळणाचे. पहिल्या वर्षाला दिवाळीच्या सुट्टीआधी आणि शेवटच्या वर्षाला जानेवारीत, तासातच, नाव न लिहिता, कागदावर भरून घ्यावेत. गूगल फॉर्मची लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की आधीच गुंतलेली मुलंच तो भरतात. आकडे फोडून पाहावेत आणि सगळ्यात जास्त ‘कधीच नाही’ ज्या प्रश्नावर आहेत, असा एकच निवडावा. ‘दोन खर्डे’ निवडला, तर पुढच्या सत्रात एका पेपरचं एक ट्युटोरियल दोनदा घ्यायचं: पहिला खर्डा शेजारच्याने तपासायचा, दुसरा शिक्षकाने. ‘शिक्षकांशी बोलणं’ निवडला, तर प्रत्येकाला नावानिशी दहा मिनिटांची वेळ द्यायची, तीही एसटीच्या आधीची.

मग वर्गात जाऊन सांगावं: तुम्ही हे लिहिलंत, त्यामुळे आम्ही हे बदललं. हे सांगणं राहून गेलं की पुढच्या वर्षी कागद कोरे येतात. नॅकच्या सर्वेक्षणातला तो एकविसावा, मोकळा प्रश्न तीन सूचना मागतो. त्याची उत्तरं छापून विभागाच्या बैठकीत मोठ्याने वाचावीत, मार्चमध्ये, म्हणजे जूनचं वेळापत्रक ठरण्याच्या आधी.